सरदाराच्या बंदुकीतलं दुसरं माप

उस्मान,

तुला मातीत ठेवलं त्याला आज अकरा दिवस झाले. मीही तीन मुठी माती टाकली. तिसरी मूठ टाकून मी तिथेच कडेला बसलो, तर तुझ्या मेहुण्याने मला धरून उठवलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "सख्ख्या भावासारखे होते दोघं." लोकांनी मला वाट करून दिली, लिंबाच्या सावलीत बसवलं, पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो. त्या सावलीत बसून मला एवढंच कळत होतं, की तुला सांगायचं राहिलं होतं ते आता कायमचं राहिलं.

तू किती चांगला होतास हे लिहायला गावात पुष्कळ माणसं आहेत. धुळ्यात पांझरेकाठच्या त्या बोळात तुझ्या बापापासून चाललेलं बंदुका दुरुस्तीचं दुकान, भिंतीवर काचेत लावलेला सरकारी परवाना, नरडाण्यापासून साक्रीपर्यंतचे शेतकरी रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका घेऊन तुझ्याचकडे का येत, हे सगळं त्यांना माहीत आहे. मी तुझ्या बंदुकांचे लाकडी कुंदे करायचो, म्हणून माझंही नाव त्या दुकानाशी जोडलेलं. "नळी उस्मानची, लाकूड शंकर मिस्तरीचं," असं म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता. तुझ्यामुळे होता, हे तेव्हा कळत नव्हतं.

मला त्या पिक्चरबद्दल बोलायचं आहे.

आठवतं, ती मुंबईची कंपनी आली तेव्हा तू आधी त्यांना दुकानातून घालवूनच दिलं होतंस. मारामारीचा बोलपट काढायचा होता त्यांना, पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरात. दरोडेखोर, फौजदार, जहागीरदार आणि त्याची लेक. डायरेक्टर विलायती टोपी घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चौदा बंदुका पाहिजेत. खऱ्या दिसल्या की झालं."

"दिसल्या की झालं तर माझ्याकडे कशाला आलात? खेळण्याच्या दुकानात जा," तू म्हणालास.

मीच त्याला पुन्हा आत बोलावलं. मीच तुला समजावलं की परवान्याची सगळी बोलणी कंपनी कलेक्टर कचेरीत करणार आहे, आपल्याला फक्त काम करायचं आहे. अकरा बंदुका नुसत्या लाकडाच्या, त्या मी करीन. तीनच अशा पाहिजेत की त्यातून जाळ आणि धूर निघेल. त्या तू कर. तू मान डोलावलीस ती माझ्यासाठी. हेही मी कधी कबूल केलं नाही.

पण एकदा काम हातात घेतलंस आणि तू बदललास. तू डायरेक्टरला गोष्ट विचारलीस. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो वैतागला. "तुम्हाला गोष्ट कशाला पाहिजे?"

"कोणाच्या हातात द्यायची ते कळल्याशिवाय बंदूक कशी करू?"

मग ओट्यावर बसून तू मला एकेकाची बंदूक सांगत गेलास. दरोडेखोरांच्या सरदाराची बंदूक चोरीची असणार, म्हणून तिची नळी एका बंदुकीची आणि कुंदा दुसरीचा, रंग जुळता कामा नये. फौजदाराचं पिस्तूल चकचकीत, कारण ते रोज पुसलं जातं आणि कधीच झाडलं जात नाही. आणि जहागीरदाराच्या पहारेकऱ्याची ठासणीची बंदूक त्याच्या आज्याची. तिच्या कुंद्यावर जिथे गाल टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत आणि काळं झालेलं पाहिजे. त्या एका जागेसाठी तू मला चार वेळा तेल आणि काजळी घासायला लावलीस. मी चिडलो. "उस्मान, पडद्यावर हे कोणाला दिसणार?"

"त्याला दिसेल ना. जो धरणार त्याला."

आणि दिसलंही. पहारेकऱ्याच्या कामाला कंपनीने भडगावचा एक पैलवान घेतला होता, हिलाल. शेतकऱ्याचा पोरगा, गिरणेच्या पाण्यावर वाढलेला, दाराएवढा रुंद. त्याने ती बंदूक हातात घेतली, गाल टेकवला, पुन्हा एकदा टेकवला. मग म्हणाला, "भाऊ, ही तं मन्हा आबानी वाटस." खरंच आज्याची वाटली त्याला, आणि त्या दिवशी तू किती खूश झालास. घरी जाताना मला भजी खाऊ घातलीस.

आपला वाद तेव्हाच सुरू झाला होता. डायरेक्टरला पाहिजे होतं की हिलालने एका दमात पाच बार काढावेत. तू म्हणालास, ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा दारू घाला, बोळा घाला, गजाने ठासा, घोड्याखाली फुटायची टोपी बसवा, तेवढ्यात समोरचा माणूस शंभर पावलं चालून येतो. मी म्हटलं, पिक्चर आहे, लोकांना धडाधड आवाज पाहिजे, बंदूक भरत बसलेला माणूस बघायला कोण येतं? तू हातातली कानस खाली ठेवलीस.

"मिस्तरी, झाडायला काय लागतं? बोट लागतं. समोरून माणसं येत असताना खाली बघून शांतपणे बंदूक भरायची, त्याला छाती लागते. तेच दाखवायचं सोडून हा बाकी सगळं दाखवतो."

मी हसलो होतो. हा वाद आपण पुढे किती वर्षं घातला, कधी गमतीत, कधी भांडून. तो मिटला नाही. तू बरोबर होतास. एवढं तरी मी जिवंतपणी म्हणायला पाहिजे होतं. त्यात माझं काहीच जाणार नव्हतं.

आता तो दिवस.

डोंगरातल्या खिंडीत शेवटच्या मारामारीचं काम होतं. तू सगळ्यांना बजावलं होतंस की दारूच्या डब्याला तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पितळेचं एक छोटं माप तू मुद्दाम बनवलं होतंस, त्यात नेहमीच्या निम्मी दारू मावायची. वर बोळा म्हणून फक्त चिमूटभर कापूस, तोही सैल. नेम माणसावर नाही, बाजूच्या खडकावर. दोघांत दहा पावलं राहावीत म्हणून चुन्याची रेघ मारलेली. सरदार रेघेच्या अलीकडे, हिलाल पलीकडे. इतकं सगळं करून तू सरदाराची बंदूक भरलीस, नळीला लाल चिंधी बांधून ती खडकाला टेकवून ठेवलीस. लाल चिंधी म्हणजे भरलेली. मग दुपारच्या नमाजासाठी खाली ओढ्यावर वजू करायला गेलास.

तू गेल्यावर डायरेक्टर माझ्याकडे आला. सकाळच्या बाराला धूर कमी पडला म्हणून तो तुझ्याशी हुज्जत घालून दमला होता. त्याने मला सिगारेट दिली.

"तुमचा दोस्त फार जिद्दी आहे. शेवटचा बार आहे हा, पडदा धुराने भरला पाहिजे. तुम्ही समजदार आहात, मिस्तरी. आमच्या स्टुडिओत लाकडाचं सगळं बघायला असाच माणूस पाहिजे मला."

तो एवढंच बोलला आणि निघून गेला. बंदुकीला हात लाव, असंही तो म्हणाला नाही. ते मी माझ्या मनाने केलं. डबा उघडला, तुझं माप भरलं आणि तुझ्या दारूवर, तुझ्या कापसावरच, आणखी एक माप ओतलं. आणखी कापूस मला सापडला नाही. माझ्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक फाडलं, त्याचा बोळा केला आणि गजाने तीनदा ठासला. घट्ट ठासला की आवाज मोठा होतो, हे मला तूच शिकवलं होतंस. चिंधी जशी होती तशी ठेवली. तू ओढ्यावरून ओल्या पायांनी वर येत होतास. तुला सांगायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण तू येताच सरदाराचं काम करणारा नट ओरडायला लागला, ऊन उतरत होतं, कॅमेरा लावलेला होता. तू त्याच्या हातात बंदूक दिलीस, चिंधी सोडलीस आणि खडकाकडे बोट दाखवून नेम सांगितलास. मी मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय, फार तर धूर जास्त होईल.

त्या नटाला जोर चढला होता. नळी खडकाकडे राहिली नाही.

बार झाला तेव्हा सगळी खिंड दणाणली. हिलाल दोन्ही हात तोंडावर घेऊन गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. डायरेक्टर ओरडला, "वा! पैलवान, वा!" दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. तूच पहिला पळालास. तू त्याचे हात चेहऱ्यावरून काढलेस आणि मग आम्हाला तुझा आवाज ऐकू आला. तसा आवाज मी तुझ्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.

कंपनीच्या मोटारीत हिलालचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. साक्रीपासून धुळ्यापर्यंत तो आईला हाका मारत होता. डावा डोळा डॉक्टरांनी काढला. उजव्या गालात दारूचे काळे ठिपके बसले, ते आजही आहेत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण दोघं जमिनीवर बसलो होतो. तुझ्या सदऱ्यावर त्याचं रक्त वाळलं होतं. मग माझ्याकडे न बघता विचारलंस,

"मिस्तरी, मी दोनदा भरली असेल का रे?"

उस्मान, तेव्हा मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. पुढचं आपोआप बाहेर आलं असतं. पण आत त्या पोराची आई ऊर बडवत होती, व्हरांड्याच्या टोकाला पोलीस उभा होता, आणि मी म्हणालो, "असेल. घाई होती ना तुला."

तू मान हलवलीस, जणू तुला तेच ऐकायचं होतं. चौकशीला आलेल्या फौजदाराने मला विचारलं, बंदूक कोणी भरली? मी म्हटलं, उस्मानने. शब्द खोटा नव्हता. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मीच. माझ्याशिवाय डब्याला कोणी हात लावत नाही." डायरेक्टर तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनी सामान बांधून निघून गेली.

तुझा परवाना गेला. काच तशीच भिंतीवर राहिली, आतला कागद शिपायाने काढून नेला. तीन महिने तू तुरुंगात होतास. मी भेटायला यायचो तेव्हा तू हिलालची चौकशी करायचास, स्वतःची एक तक्रार नाही. आणि तू आत असतानाच मला मुंबईहून पत्र आलं. स्टुडिओत लाकडी बंदुका करायचं काम. मला वाटलं, तू सुटून आलास की तुझ्यासमोर ते फाडून टाकीन. पण तू सुटून आलास आणि म्हणालास, "जा. निदान एकाचं तरी त्या पिक्चरने भलं होऊ दे." स्टेशनवर तू माझी पेटी उचलून डब्यात ठेवलीस. गाडी हलली तरी तू हात वर करून उभा होतास. मी खिडकीपासून मागे सरकून बसलो.

वर्षाच्या आत ती कंपनी बुडाली आणि मी परत आलो. माझं दुकान दुसऱ्याने घेतलं होतं. तू तुझ्याच ओट्यावर मला रंधा ठेवायला जागा दिलीस. तू आता स्टोव्ह, कुलपं, छत्र्या दुरुस्त करत होतास. झुबेदाभाभी मला दोन वर्षं तुझ्याबरोबर भाकरी वाढत होती. मी खात होतो.

मग तो पिक्चर धुळ्याला आला. तू म्हणालास, "दुपारच्या खेळाला जाऊ." मी नको म्हटलं तर तू मला हाताला धरून नेलंस. मला वाटलं, तुला बंदुका बघायच्या आहेत. तुला आशा होती, हे मला आत गेल्यावर कळलं. तुझ्या मनात होतं की नळीतच काही दोष असेल, जुनी नळी होती, एखादी भेग असेल, ती पडद्यावर दिसेल.

त्यांनी तोच बार ठेवला होता, उस्मान. हिलाल खरोखर पडला तेच पडद्यावर दाखवलं होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, एकाने टोपी उडवली. तू पुढे वाकून बघत होतास. पडदा धुराने भरून गेला, डायरेक्टरला पाहिजे होता तसा.

बाहेर उन्हात आलो. तू कडेच्या पारावर बसलास.

"नळी शाबूत होती," तू म्हणालास. "पण तेवढा धूर एका मापाचा नाही, मिस्तरी. दोन मापं होती. म्हणजे भरलीच मी दोनदा. आणि मला आठवत नाही. माझ्या हाताने केलं आणि मला आठवत नाही, हे कसं होतं?"

दुसऱ्यांदा माझी वेळ आली होती. पारावर आपण दोघंच होतो. ना पोलीस, ना त्याची आई. मी तुला म्हटलं, "चल, ऊन लागतंय."

त्या दिवसापासून तुझा तुझ्या हातांवरचा विश्वास गेला. लोकांना वाटायचं, उस्मानभाई म्हातारपणाने असा झाला. तू चाळीसचाही नव्हतास. कुलूप दुरुस्त करून गिऱ्हाइकाला दिलंस की बोळाच्या तोंडापर्यंत त्याच्यामागे जायचास, परत मागायचास, पुन्हा उघडून बघायचास. स्टोव्हची चकती बसवताना मला विचारायचास, "आत्ता बसवली ना मी? तू बघितलीस ना?" मी म्हणायचो, बघितली. रस्त्यात थांबून घराचा दरवाजा लावला का म्हणून परत फिरायचास. ज्या माणसाने डोळे मिटून घोडा आणि चाप जुळवले, तो चहात साखर घातली की नाही हे बायकोला विचारायचा. पोरं तुझी नक्कल करायची आणि तू त्यांच्याबरोबर हसायचास. मी शेजारी रंधा मारत बसलेला असायचो. हे तुझं मी केलं होतं. हिलालचा एक डोळा गेला. तुझे दोन्ही हात गेले.

एकदा तू भडगावला जाऊन आलास. हिलालच्या आईने दार लावून घेतलं. तू संध्याकाळपर्यंत दाराबाहेर बसून परत आलास. मला म्हणालास, "बरोबर आहे तिचं." पुन्हा गेला नाहीस.

गेल्या महिन्यात तू अंथरूण धरलंस. छातीत पाणी झालं होतं, दोन शब्दांनंतर दम लागायचा. मी रोज यायचो. बाजारात सगळे दिल्लीचं बोलत होते, गोरा साहेब जाणार, देशाचे दोन तुकडे होणार. तुला त्यातलं काहीच नको होतं. तू गेलास त्याच्या आधी चार दिवस मला जवळ बोलावलंस.

"मिस्तरी, एक काम कर. मी गेलो की भडगावला जा. हिलालला सांग, उस्मानने माफी मागितली आहे. म्हणावं, त्याने मुद्दाम नाही केलं. त्याला आठवतही नाही, पण माफी मागितली आहे."

"सांगेन," मी म्हटलं.

"बघ हां. विसरू नको. मी विसरतो."

भाभी पाणी घेऊन आत आली. मी स्वतःला सांगितलं, आता तिच्यासमोर कसं बोलणार, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तुला ग्लानी होती. बारा वर्षांत मला असे कितीतरी 'उद्या' मिळाले.

तुला माती दिल्यावर पाचव्या दिवशी मी भडगावला गेलो. चाळीसगावला गाडी बदलली, कजगावला उतरलो, पुढे टांगा केला. हिलाल घराच्या अंगणात बैलांना पेंड घालत होता. अजून तसाच रुंद आहे, फक्त मान एका बाजूला वळवून बघतो. त्याने मला ओळखलं, खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. आई वारली त्याची. मी तुझी बातमी सांगितली. तो खाली बसला.

"उस्मानभाई गया?" तो म्हणाला. "मी त्यास्ले कवयच माफ करेल व्हतं, भाऊ. धुळाले जाईसन सांगसू, सांगसू म्हणता ऱ्हाई गयं."

त्याचंही सांगायचं राहून गेलं होतं, उस्मान. बारा वर्षं तू वाट बघितलीस त्या माफीची, आणि ती इथे अंगणात पडून होती. मग मी बोललो. चहा हातात होता तो खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. ओढा, सिगारेट, दुसरं माप, उपरण्याचा बोळा, गजाने तीनदा ठासलं ते. तो ऐकत होता. माझं झालं तेव्हा त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"खोटं बोली ऱ्हायनात तुम्ही," तो म्हणाला.

"नाही, हिलाल. खरं सांगतोय. मी भरली होती."

"भाऊ, माले कळस. दोस्त गया, त्यानं नाव साफ व्हवाले पाहिजे म्हणीसन तुम्ही सोतावर ली ऱ्हायनात. त्यानीच सांगेल व्हतं फौजदारले, मीच भरी म्हणीसन. मी आयकेल शे. आसा दोस्त कोले भेटस?"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकी शपथ घेतली तितकं त्याला माझं मन मोठं वाटत गेलं. त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, बघ, हा माणूस काय करतोय मेलेल्या मित्रासाठी. आणि मग तो एवढा मोठा माणूस वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं, असं मी टांग्यात बसून स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. पायांवरचं ते डोकं मला थोडा वेळ बरं वाटलं, हे खरं.

काल मी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दत पाळते आहे, वैधव्याचे ते महिने पुरे होईपर्यंत परक्यासमोर येत नाही. तुझ्या मेहुण्याने पडद्याजवळ मला पाट दिला आणि तो बाहेर गेला. पडद्याला तोंड करून मी सगळं पुन्हा सांगितलं. हिलालला सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत. माझं संपल्यावर आतून आवाज आला नाही. बांगड्या तर तिच्या हातात नव्हत्याच. ती आहे की उठून गेली, हेही मला कळेना.

"भाभी, खरं वाटतंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटतंय," ती म्हणाली.

मग ती पुढे बोलली. आवाज चढला नव्हता.

"ते मला रोज विचारायचे, मिस्तरीभाई. जेवताना विचारायचे, मी कपडे वाळत घालत असले तरी विचारायचे. झुबेदा, मी दोनदा भरली असेल का? मी काय सांगणार? मी कुठे होते तिथे? मी म्हणायची, शंकर मिस्तरींना विचारा, ते होते. ते म्हणायचे, विचारलं, तो म्हणतो असेल."

मी काहीतरी बोलायला गेलो. काय, ते आठवत नाही.

"शेवटच्या दिवशीही औषध घेतलं आणि मला विचारलं, घेतलं का मी? मी चिडले त्यांच्यावर. शेवटच्या दिवशी मी चिडले. तुम्ही आता जा. आणि एक करा. कबरस्तानात जाऊन त्यांना हे सांगू नका. आता कुठे ते कोणाला काही विचारत नाहीत."

मी उठलो. पडद्याला हात जोडले. ते तिला दिसले नसतील.

वाटेत कबरस्तान लागलं. फाटक उघडं होतं, तुझ्यावरची माती अजून ओली दिसत होती. मी आत आलो नाही. बाहेर भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो. आज सकाळपासून हे लिहीत बसलोय. तुला काही सांगू नका म्हणाली होती ती. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.